मामांचा अल्बम, भाच्याचा अल्बम

ताई,
मी 20 वर्षांचा आहे, ठाण्यात राहतो, इंजिनिअरिंगला आहे. 'जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर' या अ‍ॅनिमेच्या शेवटी 'राउंडअबाउट' वाजतं. त्या गाण्यामुळे मला यस हा ब्रिटिश रॉक बँड सापडला आणि पाठोपाठ 'फ्रॅजाइल' हा त्यांचा अख्खा अल्बम. वर्षभर तो जवळजवळ रोज ऐकतोय. मामाला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "फ्रॅजाइल म्हणजे निम्मं भरताड. खरा यस ऐकायचा तर क्लोज टू द एज. तो म्हणजे इंग्रजी बडा ख्याल आहे!" म्हणून कॉलेजला जाताना लोकलमध्ये तोही अल्बम ऐकला. सुरुवातीला नुसता कल्ला, मधे काहीच धड ऐकू येत नाही, मग माझं लक्ष उडतं. खरं सांगतो, कंटाळा आला. माझा कान कच्चा आहे का? दोन्हींत श्रेष्ठ कोणता, ते एकदा सांगून टाका. आणि डिसेंबरात मामाची साठी आहे. त्याने नवा टर्नटेबल घेतलाय. मला दोन्हींपैकी एकच एलपी परवडेल. कोणती देऊ?
— गोंधळलेला भाचा, ठाणे

प्रिय भाच्या,

शेवटचा प्रश्न पैशांचा आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी: 'फ्रॅजाइल' दे. का, ते पुढे येईलच.

आता तुझ्या कानाबद्दल. 'हार्ट ऑफ द सनराइज' हे अकरा मिनिटांचं, घडीघडीला चाल बदलणारं गाणं जो मुलगा वर्षभर आवडीने ऐकतो, त्याचा कान कच्चा कसा असेल? तू एकच चूक केलीस, 'क्लोज टू द एज' लोकलमध्ये ऐकलास. त्या शीर्षकगीतात साधारण आठव्या-नवव्या मिनिटाला सगळं शांत होतं. ड्रम थांबतात, मागे लांबलचक सूर तरंगत राहतात, त्यावर दोन-तीन आवाज एकमेकांत गुंफत हळू हळू वर जातात. मग चर्चमधला मोठा ऑर्गन येतो. विजेवर चालणारी नक्कल नव्हे, खराखुरा पाइप ऑर्गन. लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या जुन्या चर्चमध्ये जाऊन रिक वेकमनने तो वाजवला. आता मला सांग, सकाळी नऊच्या गर्दीत, दारात लटकलेल्या माणसाच्या कोपराखाली, ती शांतता तुला कशी ऐकू येणार? 'मधे काहीच धड ऐकू येत नाही' असं तू लिहिलंयस, ते शब्दशः खरं आहे. 'फ्रॅजाइल' गाडीत टिकतो, कारण त्यातली बहुतेक गाणी अंगावर येतात. ख्रिस स्क्वायरचा बेस असा करकरीत आहे की रुळांचा खडखडाटही त्याला दाबू शकत नाही.

तेव्हा कान राहू दे, जागा बदल. रात्री घरी, बरे हेडफोन लाव आणि मोबाइल उलटा ठेव. बाकी ऐकायचं कसं ते नंतर सांगते. आधी मामांशी थोडं भांडू दे.

दोन अल्बमांमधलं अंतर किती आहे ते पाहा. 'फ्रॅजाइल' ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 1971 मध्ये आला, 'क्लोज टू द एज' सप्टेंबर 1972 मध्ये. जेमतेम दहा महिने. माणसं तीच पाच: गायक जॉन अँडरसन, बेसवर स्क्वायर, गिटारवर स्टीव्ह हाऊ, ड्रमवर बिल ब्रुफर्ड, की-बोर्डवर वेकमन. स्टुडिओ तोच, लंडनचा अ‍ॅडव्हिजन. ध्वनिमुद्रणाला माणूस तोच, एडी ऑफर्ड. दोन्ही मुखपृष्ठं चित्रकार रॉजर डीनची. म्हणजे पहिल्या वेळी यांना येत नव्हतं आणि दुसऱ्या वेळी येऊ लागलं, असला प्रकार नाही. हाताला तेच कसब होतं, काम करायची रीत तेवढी बदलली. मामा नेमकं हे विसरतात आणि 'फ्रॅजाइल'ला कच्चा खर्डा समजतात.

खरं तर 'फ्रॅजाइल' घाईचा अल्बम आहे. त्याआधी की-बोर्डवर टोनी के होता. त्याला हॅमंड हा विजेवरचा ऑर्गन प्रिय. मूग सिंथेसायझर, मेलोट्रॉन (टेपवर भरलेले सूर वाजवणारा की-बोर्ड) असल्या नव्या यंत्रांत त्याला फारसा रस नव्हता, आणि बाकीच्यांना तर तेच हवं होतं. के गेला आणि स्ट्रॉब्स या बँडमधून वेकमन आला, तो यंत्रांचा ढीग घेऊन. त्या यंत्रांना पैसे लागले. हाताशी वेळ थोडा, पैसा थोडा आणि अल्बम तर पुरा करायचा. मग असं ठरलं की चार मोठी गाणी पाचांनी मिळून करायची आणि उरलेल्या जागेत प्रत्येकाने स्वतःच्या मनाचा एकेक तुकडा करायचा. मामा ज्याला भरताड म्हणतात, ते हे पाच तुकडे.

त्यातला वेकमनचा तुकडा मलाही फार आवडत नाही, हे कबूल. एका रेकॉर्ड कंपनीशी त्याचा आधीचा करार होता, त्यामुळे नवी रचना स्वतःच्या नावाने देणं त्याला अडचणीचं होतं. म्हणून त्याने जर्मन संगीतकार ब्राह्म्सच्या चौथ्या सिंफनीचा तिसरा भाग घेतला आणि ऑर्केस्ट्रातल्या वाद्यांच्या वाटणीला वेगवेगळे की-बोर्ड लावून एकट्याने वाजवला. दीड मिनिटाची करामत आहे, झालं. ब्रुफर्डचा 'फाइव्ह पर्सेंट फॉर नथिंग' तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतो. त्याचं नाव एका जुन्या व्यवस्थापकाला फुकट द्याव्या लागणाऱ्या पाच टक्क्यांवरून पडलंय. बँडवाल्यांचा राग गाण्याच्या नावात असा उतरलेला पाहिला की मला उगाच बरं वाटतं.

पण अँडरसनच्या 'वी हॅव हेवन'कडे जरा नीट बघ. एकाच माणसाचा आवाज थरावर थर चढवत नेलाय, आणि शेवटी एक दार धाडकन बंद होतं. पावलं धावत जातात. पुढच्या क्षणी वारा सुटतो आणि 'साउथ साइड ऑफ द स्काय' सुरू होतं, बर्फात, डोंगरावर निघालेल्या आणि परत न येणाऱ्या माणसांचं गाणं. मग अगदी शेवटी, 'हार्ट ऑफ द सनराइज' संपल्यावर, तेच दार उघडतं आणि 'वी हॅव हेवन' पुन्हा कानावर येतं. एकदा दार लावून अल्बमभर आपल्याला बाहेर थंडीत ठेवलं आणि शेवटी आत घेतलं! यात भरताड कुठे आहे? तू जर गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारं बटण चालू ठेवून ऐकत असशील तर हे तुला कधीच कळलं नसेल. ते बटण आधी बंद कर.

दुसऱ्या बाजूलाही तसंच. 'लाँग डिस्टन्स रनअराउंड'मध्ये बाकीचे चारच्या हिशेबाने चाललेत आणि ब्रुफर्ड मधूनच पाच-पाचच्या अंतराने घाव घालतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, ड्रमवाला चुकला की काय. समेवर डोकं हलवायची सवय असलेल्या आपल्या घरांतल्या लोकांना हे पटकन लक्षात येतं आणि पटकन आवडतं. हे गाणं न थांबता 'द फिश'मध्ये उतरतं. तो तुकडा स्क्वायरचा. तो तासन्‌तास आंघोळ करायचा म्हणून त्याचं टोपणनाव फिश. त्या तुकड्यात जवळजवळ जे काही वाजतंय ते बेसच आहे. एक खाली चालतोय, एक वर शिट्टीसारखा, एक मधे गुरगुरतोय. सात मात्रांवर फिरणारं ते चक्र ऐकून बेस हे मागे उभं राहून वाजवायचं वाद्य आहे हा समज गळून पडतो. आणि हाऊचं 'मूड फॉर अ डे' म्हणजे एकटी, स्पॅनिश वळणाची गिटार. सतारीवर किंवा गिटारवर बोटं फिरवणाऱ्या कुठल्याही माणसाला ते ऐकव आणि त्याचा चेहरा पाहा.

थोडक्यात, या तुकड्यांनी एक मोठं काम केलंय. पाच माणसांची ओळख ते वेगवेगळी करून देतात. हा आवाज स्क्वायरचा, हा घाव ब्रुफर्डचा, ही नजाकत हाऊची, हे तुला आता झोपेतही कळत असणार. 'क्लोज टू द एज'मध्ये ही पाचही माणसं एकाच वेळी बोलतात, तिथे कोणी कोणाची ओळख करून देत नाही. ज्याने 'फ्रॅजाइल' घोटलाय त्याला त्या गलबल्यात ओळखीचे आवाज सापडतात. मामांनी कदाचित उलट्या क्रमाने ऐकलं असेल. 'क्लोज टू द एज'ने आधी दिपून गेल्यावर 'फ्रॅजाइल' विस्कळीत वाटणं साहजिक आहे.

आणि 'हार्ट ऑफ द सनराइज'. याबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. सुरुवातीची ती धावती, दात-ओठ खाऊन वाजवलेली सुरावट, मग सगळे बाजूला होतात आणि फक्त बेस नि ड्रम एकमेकांभोवती घोटाळत राहतात, मागून मेलोट्रॉन ढगासारखा भरून येतो. गाणारा तोंड उघडतो तेव्हा तीनेक मिनिटं होऊन गेलेली असतात, आणि तो गातो ते अगदी हळुवार, जणू आधीचा गोंधळ त्याच्या गावीच नाही. मोठ्या शहरात हरवलेल्या माणसाचं गाणं आहे ते. या बँडने याहून लांब, याहून गुंतागुंतीचं पुष्कळ केलं. याहून चांगलं केलं असं मला वाटत नाही. मामांना सांग, मी म्हणाले म्हणून.

आता दुसरा अल्बम. मामांनी त्याची बाजू इतकी जोरात मांडली की तुझं मन त्याच्यावरून उडालंय, आणि हे मात्र वाईट झालं. कारण तो खरोखर मोठा आहे.

फक्त तीन गाणी. पहिली बाजू अख्खी शीर्षकगीताची, साडेअठरा मिनिटांहून थोडी जास्त. दुसऱ्या बाजूवर 'अँड यू अँड आय' आणि 'सायबेरियन खात्रू'. अँडरसनने त्या दिवसांत हेर्मान हेस्सेची 'सिद्धार्थ' वाचली होती. बुद्धाच्या काळातल्या भारतात घडणारी, 1922 मध्ये जर्मनीत आलेली कादंबरी. त्यातला नायक घर सोडतो, संन्यास घेतो, संसारात बुडतो, आणि शेवटी एका नावाड्याबरोबर नदीकाठी राहून नदीचं ऐकत बसतो. गाण्याचा सांगाडा हा आहे: काठावर पोचलेला माणूस, नदी, वर चढणं, खाली येणं. गंमत अशी की त्यातल्या काही ओळी हाऊने आणल्या, आणि त्याच्या डोक्यात होती ती लंडनची थेम्स. तो पूर्वी तिच्या जवळ, बॅटरसी भागात राहायचा. तेव्हा त्या नदीचं पाणी थोडं आपलं, थोडं बॅटरसीचं. शब्दांचा अर्थ लावत बसू नकोस. अँडरसन शब्द अर्थापेक्षा नादासाठी निवडतो, आणि त्याला ते शोभतंही.

मामांच्या 'इंग्रजी बडा ख्याल'वर मात्र माझी हरकत आहे. लांबी सारखी म्हणून जात सारखी होत नाही. ख्याल गायक समोर बसून त्या क्षणी उभा करतो. आज गायलेला उद्या तसाच येणार नाही. 'क्लोज टू द एज'ची घडण याच्या नेमकी उलट आहे. पाच जण स्टुडिओत काही सेकंदांचा एक तुकडा घेऊन बसायचे, वाद घालायचे, बसवायचे, मुद्रित करायचे, मग पुढचा तुकडा. ऑफर्ड ब्लेडने टेप कापून ते जोडत जायचा. अख्खं गाणं सलग वाजवता यायला त्यांना नंतर ते आपल्याच रेकॉर्डवरून शिकावं लागलं. एकदा तर मान्य झालेला टेपचा तुकडा सफाई करणाऱ्याने कचऱ्यात टाकला आणि स्टुडिओबाहेरच्या डब्यांत शोधाशोध करून तो परत आणावा लागला, असं ऑफर्डने सांगितलंय. म्हणजे हा उत्स्फूर्त गाणं-बजावणं नव्हे, हा घाट बांधावा तसा दगडावर दगड बसवून केलेला प्रकार आहे. आणि तरी सांधा दिसत नाही, हे त्याचं मोठेपण.

एवढं कळलं की सुरुवातीच्या त्या कल्ल्याचंही कळतं. पाणी वाहतंय, पक्षी बोलताहेत, त्यातून हळूहळू आवाज चढतो आणि एकदम सगळे तुटून पडतात. हाऊची गिटार वेडीवाकडी धावते, मधेच माणसांचे आवाज सगळं खटकन थांबवतात, परत धाव. तुला यात सूर सापडला नाही कारण तो अजून दिलेलाच नाही. साधारण तिसऱ्या मिनिटाला गिटार एक स्वच्छ, साधी, गुणगुणता येईल अशी सुरावट वाजवते. ती पकड. फक्त ती एक. पुढची पंधरा मिनिटं बँड तुला तीच वेगवेगळ्या कपड्यांत परत भेटवत राहतो. आणि शेवटी, ऑर्गन गडगडून गेल्यावर, वेकमनने हॅमंडवर बोटं मोडेपर्यंत वाजवून झाल्यावर, सगळे मिळून जे गातात त्यात सुरुवातीची कडवी इतकी उंचावर पोचलेली असतात की तुला ती नवीच वाटतील. मग परत पाणी आणि पक्षी.

पण तू पहिल्या बाजूने सुरुवातच करू नकोस. मामांना हे पाखंड वाटेल, वाटू दे. एलपी उलटी कर, म्हणजे मोबाइलवर तिसरं गाणं आधी लाव. 'सायबेरियन खात्रू' हे 'राउंडअबाउट'चं सख्खं भावंड आहे. तशीच पळणारी गिटार, तसाच हट्टी बेस, नऊ मिनिटांत आटोपणारं. दोन-तीन दिवस तेच ऐक. मग 'अँड यू अँड आय'. बारा तारांच्या गिटारवर हळूच सुरू होणारं प्रेमगीत म्हण हवं तर. मधे मेलोट्रॉन आणि हाऊची स्टील गिटार मिळून छत उघडावं तसं आभाळ उघडतात. ते अंगावर काटा आणेल. त्यानंतर शीर्षकगीत, रात्री, एका बैठकीत. तरीही नाही आवडलं तर सोडून दे. सहा महिन्यांनी बघ, नाहीतर बघूही नकोस.

श्रेष्ठ कोणता, हे विचारलंयस आणि मी इतका वेळ टाळतेय असं तुला वाटत असेल. नाही टाळत. अल्बम म्हणून, एक संपूर्ण वस्तू म्हणून, 'क्लोज टू द एज' वरचढ आहे. त्यात एकही क्षण उपरा नाही आणि 'फ्रॅजाइल'मध्ये ब्राह्म्स उपरा आहे. इथे मामा जिंकले. पण मला आज रात्री काहीतरी ऐकायचंय म्हटलं तर हात 'फ्रॅजाइल'कडे जातो. त्यात माणसांचा वावर आहे. कोणी खोलीत एकटाच गिटार वाजवतोय, कोणी स्वतःच्याच आवाजाशी खेळतोय, दारं वाजताहेत. दुसऱ्यात इतकं काटेकोर आहे सगळं की कधी कधी धाप लागते.

आणि ती धाप मला एकटीला लागली असं नाही. ब्रुफर्डलाही लागली. त्या तुकड्या-तुकड्यांच्या कामाला, प्रत्येक सुरावर होणाऱ्या चर्चेला तो कंटाळला. याहून पुढे हा बँड जाईल असंही त्याला वाटेना. ध्वनिमुद्रण उरकल्यावर, अल्बम बाजारात यायच्याही आधी, 1972 च्या उन्हाळ्यात, तो किंग क्रिमसन या बँडमध्ये निघून गेला. यस यशाच्या शिखरावर चढत असताना! त्याच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइटला अमेरिकेचा दौरा सुरू व्हायच्या आत ही सगळी गाणी बसवायला मोजके दिवस मिळाले. त्याने बसवली, आणि पुढे 2022 मध्ये मरेपर्यंत तो यसचाच राहिला. म्हणून सत्तरच्या दशकातले हे दोनच स्टुडिओ अल्बम, आणि दोनच, ब्रुफर्ड आणि वेकमन या जोडीचे आहेत. त्या काळात हे पाच जण एकत्र टिकले एक वर्षभर. तेव्हा तिसरा अल्बम तसा झालाच नाही, तेव्हा 'यापैकी एक निवड' असं कोणी म्हटलं की मला जरा खटकतं.

लांबी वाढली की प्रतिष्ठा वाढते, हा मामांच्या बोलण्यातला दुसरा धागा. त्याचं उत्तर बँडने स्वतःच पुढच्या वर्षी दिलं. अँडरसनने परमहंस योगानंदांच्या 'योगी कथामृत'ची इंग्रजी मूळ प्रत वाचली. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांच्या चार प्रकारांचा उल्लेख आहे. त्यावर चार गाणी, प्रत्येकी एक अख्खी बाजू, दोन एलपी: 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स', 1973. त्यातही सुंदर जागा आहेत, पण पाणी फार घातलंय, आणि वेकमनचं मतही याहून फार वेगळं नव्हतं. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याला वाजवायला इतकं कमी होतं की की-बोर्डच्या मागे बसून त्याने भारतीय हॉटेलातून आलेली करी खाल्ली. ही गोष्ट तो स्वतः रंगवून सांगतो, पापडांसकट. ते दौरे आटोपल्यावर 1974 मध्ये त्याने बँड सोडला. तळटीप आपल्या योगानंदांची, जेवण आपलं, आणि तरी अल्बम तेवढा जमला नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

राहता राहिली भेट. 'क्लोज टू द एज' मामा स्वतः विकत घेतीलच. नवा टर्नटेबल घेतल्यावर माणूस पहिली तीच तबकडी आणतो जी त्याला तरुणपणी पाठ होती. कदाचित आणलीही असेल, मामींना विचारून घे. 'फ्रॅजाइल' मात्र ते स्वतःसाठी कधी घेणार नाहीत. आणि एलपीवर तो जसा ऐकू येतो तसा मोबाइलवर येत नाही, कारण बाजू उलटायला उठावं लागतं. पहिल्या बाजूचा शेवट त्या बर्फातल्या वाऱ्यात होतो, मग तुम्ही उठता, तबकडी उलटता, आणि ब्रुफर्डचा तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा कानशिलात बसतो. शिवाय मुखपृष्ठ हातात धरायला मोठं मिळतं: पुढे डीनचा चिमुकला ग्रह, वर उडणारं लाकडी जहाज, आणि मागच्या बाजूला तोच ग्रह फुटलेला. रॉजर डीन आणि यसची जोडी या चित्रापासून सुरू झाली.

सोबत चिठ्ठी लिहायची असेल तर वाद नको घालूस. 'मामा, दुसरी बाजू आपण दोघं मिळून ऐकू' एवढं लिही. आणि खरंच बस त्यांच्याबरोबर. त्यांना 'क्लोज टू द एज'च्या कल्ल्यातली ती सुरावट कुठे येते ते बोट वर करून दाखवायला सांग. साठीच्या माणसाला यापेक्षा जास्त आनंद देणारी विनंती मला तरी माहीत नाही. ते 'लाँग डिस्टन्स रनअराउंड'ला मान हलवत असतील तेव्हा तू पाच-पाचचे घाव मांडीवर वाजवून दाखव.

खरेदीबद्दल एकच सूचना. बाजारात या अल्बमची दोन प्रकारची मिक्स, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या जुळवण्या, मिळतात. एक मूळ, ऑफर्डचं, आणि एक स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने काही दशकांनंतर मूळ टेपवरून नव्याने केलेलं. विल्सनचं जास्त मोकळं आहे, वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात, तुला आवडेल. पण मामांच्या कानात चाळीस वर्षं जुनं मिक्स बसलंय आणि एखादा सूर किंचित डावी-उजवीकडे सरकला तरी ते पहिल्याच मिनिटाला ओळखतील. त्यांच्यासाठी मूळच घे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत विल्सनचं नाव आहे का ते बघ, नाहीतर दुकानदाराला विचार. आणि घेतल्यावर एलपी उभीच ठेव, आडवी नको, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर मुळीच ठेवू नकोस, वाकडी होते.